काच एकदाच पडते

पहिली काच फुटली तेव्हा बारकी सूक्ष्मदर्शकावर वाकलेली होती. पानाच्या सोललेल्या पापुद्र्यावर तिने थेंब टाकला होता आणि पानाची इवलीशी तोंडं हळूहळू मिटत चालली होती. त्या थेंबातल्या रेणूला प्रयोगशाळेत सगळे 'वॉचमन' म्हणत. पाणी तुटलं की झाड तो स्वतःच तयार करतं. तो तोंडाच्या दोन्ही ओठांसारख्या पेशींना इशारा देतो. पेशींमधले पोटॅशियमचे कण बाहेर पडतात, त्यांच्यामागोमाग पाणी जातं, पेशी सैल पडतात आणि दार बंद. बारकीचा जन्म हेच मोजण्यात गेला होता. पंचेचाळिशी आली तरी घरात ती बारकीच.

मग प्रयोगशाळेला लागून असलेल्या काचेच्या हरितगृहाची अख्खी बाजूच खाली आली.

"दार लावून घे!" प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम ओरडल्या. पण बाहेरचा आवाज बारकीने ओळखला होता. ती धावत बाहेर गेली.

चार माणसं गजांनी रोपांच्या मांडण्या आडव्या करत होती. सगळ्यांत पुढे तिचा थोरला भाऊ. आईबाप गेल्यावर तिला शिकवणारा तोच. कुंपणापलीकडे त्याची रोपवाटिका होती आणि महिनाभर तिथली रोपं कडांपासून करपत होती.

"दादा, काय चाललंय हे?"

"तुमच्या फवाऱ्याने जाळलं माझं सगळं! वारा इकडूनच येतो ना?"

"अरे, आम्ही वॉचमनच फवारतो, त्याने झाड जळत नाही. पान तोंड मिटतं, परत उघडतं. तुझ्या नव्या बोअरचं पाणीच खारं आहे. तपासून घे म्हटलं होतं ना?"

"मलाच अक्कल शिकवतेस? माझ्या जिवावर शिकलीस आणि त्या बाईची री ओढतेस?"

मॅडम मागोमाग बाहेर आल्या होत्या. त्याने त्यांना केसांना धरून खेचलं आणि लोखंडी मांडणीवर डोकं आपटलं. रक्त मातीच्या ट्रेमध्ये सांडलं. त्याने गज उगारला तेव्हा बारकीने मध्ये उजवा हात घातला. हाड मोडल्याचा आवाज तिने आधी ऐकला, कळ नंतर आली. आता तो थांबेल, असं तिला वाटलं. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा मारलं, खांद्यावर.

"अरे, बहीण आहे ती तुझी!" त्याच्याच माणसांनी त्याला मागे ओढलं.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात वहिनी आली. खाटेच्या कडेला बसून तिने आधी पदराने डोळे पुसले.

"वन्सं, पाणी खारंच निघालं हो. अन्न शिवत नाहीत हे. पोलीस येतील आता. काच अंगावर पडली म्हणा, तुमच्या पाया पडते."

"मॅडमना अजून शुद्ध नाही, वहिनी."

"पोटच्या पोरासारखं वाढवलं त्यांनी तुम्हाला."



"काच असती तर एकदाच पडली असती," बारकी म्हणाली.

फौजदाराने विचारलं तेव्हा तिने भावाचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

मॅडम वाचल्या, पण एक डोळा गेला. बारकीचा हात जुळला, मूठ मात्र वळेना. पापुद्रे सोलायला प्रयोगशाळेत दुसरी मुलगी आली.

साक्षीच्या दिवशी ती कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. पाण्याची बाटली गुडघ्यांत धरून डाव्या हाताने ती झाकणाशी झटत होती, ते फिरत नव्हतं. तेवढ्यात हवालदार भावाला घेऊन आला. तो तिच्यासमोर थबकला. बेड्या घातलेले दोन्ही हात पुढे करून वाकला, झाकण फिरवलं आणि बाटली तिच्या डाव्या हातात दिली.

"सावकाश पी," तो म्हणाला.

हवालदाराने त्याला पुढे नेलं. झाकण त्याच्या मुठीतच राहिलं. नाव पुकारेपर्यंत बारकी ती उघडी बाटली न सांडता धरून बसली.