माणिकबाईची एक ओळ

समुद्रापार कुठंतरी गोरे लोक आपसांत लढत होते, म्हणून नांदगाव खंडेश्वरात माणिकबाई गोठ्यात झोपत होती. मधला संबंध कापसाचा. लढाईनं तिकडचा कापूस अडला, तसा अमरावतीच्या बाजारात भाव रोज चढत होता. तो आणखी चढेल म्हणून तिच्या नवऱ्यानं, शालिकरामनं, घर आढ्यापर्यंत कापसानं भरलं होतं. देव्हाऱ्यातले देवसुद्धा त्यानं शेजारी पाठवले. बायकोलाही पाठवलं असतं, पण भाकरी कोण थापणार? म्हणून गोठा.

अकरा महिन्यांनी तिनं पंचांकडे फारकत मागितली. पंचांचा दंडक असा, की बाईनं सभेत तोंड उघडायचं नाही; काय झालं ते एका ओळीत लिहून द्यायचं. लिहिणारा केशवराव. गावात अक्षर येणारा तो एकटाच, त्यामुळे त्याचं अक्षर सुंदरच म्हणायचं.

"'माणिकबाईने अकरा महिने सोसले,'" त्यानं बोरू फिरवला.

"खोडा. पंच म्हणतीन, अकरा सोसले त बारावाही सोसन."

"'सहन केले'?"

"शाबासकीचा नारळ देतीन अन् गोठ्यात परत धाडतीन."

"'भोगले'?"

"म्हणजे मागच्या जल्मी म्याच कोनाचा कापूस चोरला वाटते!"

केशवरावनं कान खाजवला. "मंग 'दिवस काढले' लिवू? भारदस्त दिसते."

"भाऊ, केलं त्यानं, अन् तुमी सारं माह्या नावावर काहून मांडून राहिले? लिवा, शालिकरामनं बायकोले गोठ्यात बांधलं."

सभेत केशवरावनं ओळ वाचली. शालिकराम ताडकन उठला.

"खोटं आहे जी! बांधले बैल. हिले मोकळं सोडलं होतं, बैलांपाशी. बैलांसाठी रोज संध्याकाळी मच्छरांचा धूर करतो, तो हिलेबी फुकट भेटे!"

माणिकबाईनं त्याच्याकडे, खुराकाला लाथ मारणाऱ्या बैलाकडे पाहावं, तसं पाहिलं.

पाचही पंचांची घरं कापसानं गच्च भरलेली होती. त्यामुळे यात वावगं काय, ते त्यांना कळेना. थोरले पंच नत्थुजी खाकरले. "बाईनं आणखीन जराशी कळ—"

एवढ्यात मागून त्यांची बायको गोदाबाई उठली.

"केशवरावभाऊ, दुसरा कागद घ्या. हेच लिवा. फक्त नवऱ्याचं नाव बदला."

नत्थुजींनी उरलेलं वाक्य गिळलं आणि माणिकबाईला तिथल्या तिथं फारकत दिली.