धाकटीने गिळलेले दोन बिंदू

भाऊजींनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर सर्किट काढलं आणि धाकटीच्या पुढ्यात टाकलं. बारा व्होल्टची बॅटरी आणि तिच्या दोन टोकांमध्ये शेजारी शेजारी तीन वाटा. पहिलीवर बॅटरीच्या अधिक टोकाकडून आधी चार ओहमचा आणि मग आठचा रेझिस्टर, दोघांच्या मध्ये 'अ'. दुसरीवर सहा-सहाचे, मध्ये 'ब'. तिसरीवर एकटा दहाचा. अ आणि ब यांच्यात किती व्होल्ट, ते मीटरला हात न लावता सांगायचं. आलं तर घरच्या दुकानातलं खिडकीजवळचं दुरुस्तीचं टेबल तिचं. नाही आलं तर मागच्या खोलीत तारा सोलत बसायचं आणि टेबलाचं नावही काढायचं नाही.

मागच्या खेपेला तिने घाईघाईने बेरजा करत सगळ्या रेझिस्टरांचा एकच करून टाकला होता. आकृती सुटसुटीत झाली खरी, पण ज्यांच्यातलं व्होल्टेज काढायचं ते अ आणि ब त्या बेरजांमध्येच गडप झाले. तेव्हापासून घरात काही सापडेना, की जाऊबाई म्हणायच्या, धाकटीने गिळलं असेल. ती हसण्यावारी न्यायची, पण आतून जळायची.

आज तिने तिसऱ्या वाटेवर सरळ तळहात ठेवला. भाऊजी म्हणाले, आधी एकूण करंट काढ. दुकानाची शिस्तच तशी होती, आधी सगळं एकत्र करायचं, मग पुढचं.

"नको," ती म्हणाली. "प्रत्येक वाटेला बॅटरीचे बाराच्या बारा मिळतात. शेजारीण काय करते, याच्याशी अ ला काय देणंघेणं? चारच्या रेझिस्टरवर चार गेले, अ वर आठ उरले. ब वर सहा. मध्ये दोन."

भाऊजींनी सर्किट जोडून मीटर लावला. उणे दोन. धाकटी चुकली असं वाटून त्यांचा चेहरा खुलला.

"मीटरचं लाल टोक अ वर लावा," ती म्हणाली.

त्यांनी टोकं बदलली. उणे गेलं, दोन राहिले.

भाऊजी दिलेल्या शब्दाला जागले. टेबल तुझं, म्हणाले. फक्त गिऱ्हाइकाला सांगायचं, की दुरुस्ती भाऊजींनी केली. दुकान एक, तर नावही एकच.

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. पुन्हा तीच बेरीज, आणि या वेळी गडप व्हायची पाळी तिची.

"सगळं एकात गोळा करून एकदा तोंडघशी पडलेय मी, भाऊजी. आता नाही. माझ्या हातची दुरुस्ती माझ्याच नावावर जाईल. नसेल चालत, तर मी दुसरीकडे टेबल मांडते."

उत्तराची वाट न बघता तिने स्टूल खिडकीपाशी ओढलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक बंद पडलेला अँप्लिफायर घेऊन आलं आणि मालक कुठे आहेत म्हणून विचारू लागलं. सवयीने भाऊजींचा हात पुढे आला.

"दुरुस्ती मी करते," धाकटी म्हणाली. "इकडे ठेवा."

गिऱ्हाइकाने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी हात मागे घेतला.