बेचाळिसाव्या पानावरची वाट

वाटाडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. शेतांतून, रानांतून आणि तळ्याकाठच्या गावांतून जाणाऱ्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही झेपतील अशा पायवाटांचं त्यांनी पुस्तक लिहिलं, आणि तेव्हापासून लोक त्यांना वाटाडे म्हणू लागले. कुठून निघायचं, कुठे वळायचं, कुठल्या बाकावर टेकायचं आणि एकूण वेळ किती लागेल, असं सगळं त्यात बैजवार दिलेलं. घोळ झाला तो वेळेपायी.

पहिल्या आवृत्तीत बेचाळिसाव्या पानावर छापलं होतं, सव्वातीन तास. दुसऱ्या आवृत्तीत झालं, दोन तास दहा मिनिटं. वाट तीच. मधल्या ओढ्यावर लाकडी पूल झाला होता हे खरं, पण त्याने वाचून वाचून किती वाचणार, पाच-दहा मिनिटं. वाटाड्यांनी मात्र तासाभराचा फरक त्या बिचाऱ्या पुलाच्या माथी मारला आणि मोकळे झाले.

मग एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचं पत्र आलं. लाल शाईत. ‘आपल्या पुस्तकावर भरवसा ठेवून आम्ही उभयता पावणेतीनला निघालो. पाचला पोचायचे ते सहाला पोचलो. शेवटची लाँच सव्वापाचची. रात्र कोळ्यांच्या जाळी ठेवायच्या खोलीत काढली. आपली भाषा चांगली आहे, गणित कच्चे आहे.’ प्रकाशकाने ते पत्र वाटाड्यांपुढे सरकवलं. याच बाईंना बरोबर घ्या, त्यांच्या चालीने वेळ मोजा, नाहीतर आवृत्ती परत घेतो, म्हणाला.

घरी बायकोने चष्मा लावून बेचाळिसावं पान वाचलं. पहिल्या आवृत्तीच्या वेळी मनगटावर घड्याळ बांधून तीच बरोबर चालायची. ती वेळ सांगायची, वाटाडे लिहून घ्यायचे.

“दोन तास दहा,” ती म्हणाली. “म्हणजे तुम्ही पळत होतात.”

“पूल झालाय ना आता.”

“पूल काय मागून ढकलतो?”

 वाटाडे पळत होते हे खरंच होतं. दोन वर्षांपूर्वी ती हॉलमध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि दोन तास फरशीवर पडून राहिली. वाटाडे तेव्हा याच वाटेवर होते. लाकडाच्या वखारीपाशी मोबाईलला रेंज येते, तिथून त्यांनी घरी फोनही केला होता. सहा रिंगा झाल्या, कुणी उचलला नाही. झोपली असेल, असं म्हणून त्यांनी बाकावर बसून सावकाश डबा खाल्ला होता. तो डबा त्यांनी स्वतःला कधी माफ केला नाही. तेव्हापासून घराबाहेर पाऊल टाकलं की जीव टांगणीला, आणि पाय घराकडे ओढ घेणारे. एक रात्रही ते बाहेर राहिले नव्हते. तिला मोबाईल आणून दिला, पण गळ्यात घंटा बांधल्यासारखं वाटतं म्हणून तिने तो खणात टाकून ठेवला होता. हॉलमधला जुना फोनच तिला बरा वाटे. तो उचलताना तिला नेहमी दम लागलेला असायचा, आणि तो दम ऐकला की वाटाडे चाल वाढवायचे.

ठरल्या दिवशी तिचं जेवण होऊन, गोळ्या घेऊन, काठी हाताशी ठेवून होईपर्यंत वाटाडे निघालेच नाहीत. सकाळी निघा, असं ती दोनदा म्हणाली होती, पण ऐकतंय कोण. दोनच्या ठोक्याला ते बसथांब्यावर बाईंपुढे उभे राहिले. बाईंच्या हातात काठी, डोक्याला टोपी. मागे त्यांचे यजमान. यजमान म्हणजे जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, पण स्वतःच्या मनगटावर काही नाही.

“आज मी जास्त बोलणार नाही,” बाई म्हणाल्या, आणि कोबीच्या शेतात शिरल्याबरोबर बोलायला लागल्या.

कोबीच्या शेतातून वीस मिनिटं, असं पुस्तकात होतं. पस्तीस लागली. कुंपणावरच्या शिडीवर बाई एकेक पायरी चढल्या, वर जाऊन थांबल्या, चहूकडे पाहिलं, आणि मग एकेक पायरी उतरल्या. त्यांच्यामागून घड्याळजी चढले ते वरच बसले, कारण पलीकडे कुणीतरी ट्रॅक्टर दुरुस्त करत होतं. वाटाडे खाली उभे राहून या पायावरून त्या पायावर होत होते.

“उतरताय ना?”

“तो चुकीचा नट फिरवतोय,” घड्याळजी म्हणाले आणि आणखी पाच मिनिटं बघत बसले.

रानात सावली होती, वाट मऊ होती, चालायला खरं तर मजा यावी. पण वाटाडे वीस पावलं पुढे जात, वळून बघत, परत मागे येत. ती दोघं जेवढी वाट चालली त्याच्या दुप्पट ते एकटे चालले. मनात एकच हिशेब. सव्वापाचची लाँच, सहाची बस, सातला घर. लाँच चुकली की उद्या सकाळपर्यंत ती एकटी.

वखारीशी पोचायला चार वाजून गेले. बाई बाकावर टेकल्या, घड्याळजी कापलेल्या ओंडक्यावरची वर्षं मोजायला लागले. वाटाड्यांनी घरी फोन लावला. एक, दोन, तीन. सहा रिंगा झाल्या आणि त्यांनी ठेवला. सहाच्या पुढे ते कधीच थांबत नसत. खिडकीजवळच्या खुर्चीपासून फोनपर्यंत सहा रिंगांत पोचता येतं, हे त्यांनी एकदा स्वतः चालून मोजलं होतं.

पाच मिनिटांनी पुन्हा लावला. पुन्हा सहा. तोच बाक, तीच वखार. 

“मी पुढे होतो,” ते म्हणाले. “घरी कुणी फोन उचलत नाहीये. वाट सरळ आहे, चुकणार नाही.”

“मग वेळ कुणाची मोजायची?” बाईंनी विचारलं.

वाटाड्यांनी वही-पेन्सिल त्यांच्या हातात कोंबली. “तुमचीच. तुम्हीच लिहा.”

बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लाल शाईची सगळी ऐट खाली ठेवली. “जा तुम्ही,” त्या म्हणाल्या. “आमचं आम्ही येऊ.”

मग मात्र वाटाडे धावले. साठीच्या माणसाने धावू नये तसे धावले. ओढा, पूल, मक्याचं शेत, गावातली पहिली घरं, वाळत घातलेली जाळी, सगळं मागे पडलं. धक्क्यावर पोचले तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. लाँच लागलेली होती. छातीचा भाता चाललेला, त्यातच त्यांनी फोन लावला. सहा रिंगा. ठेवला. धक्क्यावर येरझाऱ्या घातल्या. पाच वाजले, पाच वाजून दहा मिनिटं झाली. लाँचवाल्याने भोंगा दिला.

“चढताय का काका?”

वाटाड्यांनी एक पाय लाँचवर ठेवला आणि सवयीने पुन्हा नंबर दाबला. पहिल्याच रिंगेला तिने उचलला.

“अगं, कुठे होतीस? किती फोन केले मी.”

“तीन,” ती म्हणाली. “तीनदा उठवलंत मला. खुर्चीतून उठते, काठी घेते, निम्म्या वाटेवर येते तोवर तुम्ही ठेवलेला. शेवटी खुर्चीच इथे ओढून आणलीय. बसलेय फोनशेजारी चौकीदारासारखी.”

वाटाड्यांचा जीव भांड्यात पडला. “सहा रिंगा वाजू देतो मी,” ते म्हणाले.

“ठाऊक आहे. तुमच्या सहा रिंगा मला पाठ आहेत,” ती म्हणाली. “त्या दिवशी सहाच्या आत यायला म्हणून धावले. म्हणून पडले.”

तळ्याचं पाणी धक्क्यावर आपटत होतं. वाटाड्यांचा एक पाय लाँचवर, एक जमिनीवर, आणि मध्ये पाणी हलत होतं.

“बोलली नाहीस कधी.”

“बोलले असते तर तुम्ही घराबाहेरच पडला नसतात. समोर बसून राहिला असतात माझ्याकडे बघत. मला ते नको होतं. पण आज तीनदा उठल्यावर वाटलं, आता सांगावं, नाहीतर पुन्हा पडेन.”

“काका, सुटली लाँच,” लाँचवाला म्हणाला.

“येऊ ना लाँचने?” वाटाड्यांनी तिलाच विचारलं, जणू तीच सोडणार होती.

“ती दोघं पोचली का?”

“नाही अजून.”

“मग कशाला विचारता? आणि घाबरू नका, शेजारीण झोपायला येतेय. तिला कालच सांगून ठेवलंय. तुम्ही दोनला निघणार म्हटल्यावर लाँच चुकणार हे ठरलेलंच होतं.”

वाटाड्यांनी पाय काढून घेतला. लाँच गेली. ती लहान होईपर्यंत ते बघत राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून लाँच सोडल्याची लाज, भीती आणि सुटका एकदमच वाटली. कितीदा या धक्क्यावरून ते धावत घरी गेले होते, आणि ती तिकडे धावत फोनपाशी येत होती. त्यांना रडू आलं. जाळी गोळा करणाऱ्या बाईने पाहिलं आणि दुसरीकडे तोंड केलं.

पाच एकवीसला बाई आणि घड्याळजी उतार उतरून आले. बाईंनी वही पुढे केली. ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, तीन तास एकवीस मिनिटं, पैकी ट्रॅक्टर पाच.

“लाँच गेली?” घड्याळजींनी विचारलं.

“गेली. मीच सोडली. आज रात्री बरी खोली बघू, जाळ्यांची नको.”

खोली मिळाली, हातपाय धुऊन झाले, पण वाटाड्यांचा पाय काही हलायचा थांबेना. इतक्या वर्षांची सवय. शेजारणीने खुर्ची परत खिडकीशी नेऊन ठेवली असेल एवढा वेळ त्यांनी जाऊ दिला. मग पुन्हा धक्क्यावर येऊन फोन लावला. सहाव्या रिंगेला अंगठा आपोआप बटणाकडे गेला. वाटाड्यांनी तो मुठीत धरला. सात. आठ. नऊ. दहा. ती काठी घेत असेल, टेबलाला वळसा घालत असेल. अकराव्या रिंगेला तिने उचलला.

“किती तास लागले?” तिने विचारलं. तिला दम लागलेला नव्हता.