चिठ्ठीची दुसरी ओळ

मी एक जुना संगणक आहे. टेबलावर मिरवणारा नव्हे हं, मित्रांनो. माझा सगळा जन्म एका रुग्णालयाच्या तळघरात, वायरींच्या कपाटाशेजारी गेला. मला ना पडदा, ना बटणं. पुढे एक हिरवा दिवा तेवढा आहे, आणि आता तोही त्याच्या मनात येईल तेव्हाच लागतो.

मला घडवलं काकांनी. काका म्हणजे रुग्णालयाचे पहिले इंजिनीअर. शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणत. भंगारात निघालेल्या तीन संगणकांतून त्यांनी मला उभं केलं, तेव्हा माझं घराणं विचारू नका. काम मात्र मानाचं होतं. रुग्णालयातल्या एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जे जे जाई, त्याची नोंद मी ठेवायचो. कोणाकडून निघालं, कोणाकडे पोचलं, किती वाजता. आत काय लिहिलंय ते मी कधी पाहिलं नाही. फाटकावरचा रखवालदार येणाऱ्याजाणाऱ्याची वेळ लिहितो, पिशवी उघडत नाही, तसंच. दर तासाला एक फाइल तयार व्हायची.

पण माझं पोट ते केवढंसं! सगळं साठवत बसलो असतो तर दोन महिन्यांत गच्च भरून बंद पडलो असतो. म्हणून काकांनी मला पुसायलाही शिकवलं. रोज सकाळी अकराला मी जुन्या फाइली आपणहून पुसायचो. तीस दिवस झाले की फाइल पुसायची. आणि जागा भरत आली तर तीस दिवसांची वाटही पाहायची नाही, सगळ्यांत जुनी असेल ती आधी काढायची. मात्र काय पुसलं, कधी आणि का, याची एक ओळ वेगळ्या यादीत लिहायची. ती यादी कधीच पुसायची नाही.

"लेका, पुसणं म्हणजे काही पाप नाही," काका माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणायचे. "पण पुसलंस तर पुसलं म्हणून सांगायचं."

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी एक चिठ्ठी लिहून माझ्या डोक्यावर चिकटवली. पहिली ओळ होती, 'नोंदी तीस दिवस राहतात.' दुसरी, 'जागा भरली तर आधीच पुसतो, शंका आल्यास यादी पाहा.' मग ते जिना चढून गेले. मागे वळून पाहिलं नाही त्यांनी. त्यांच्यानं बघवलं नसतं, असं मी आपलं धरून चाललोय.

पुढे सामानाची मोजदाद करणारा कारकून आला आणि त्यानं क्रमांकाचं स्टिकर नेमकं दुसऱ्या ओळीवर चिकटवलं. एवढं मोठं डोकं माझं, पण त्याला तेवढीच जागा दिसली.

नवा इंजिनीअर पोरगा हुशार होता, स्वभावानंही चांगला. त्यानं वरची ओळ वाचली, मान डोलावली आणि गेला.

मग रुग्णालयभर कॅमेरे बसले. चाळीस कॅमेरे, दिवसरात्र त्यांची चित्रं वायरींतून धावू लागली. माझ्या फाइली फुगल्या. तीस दिवस राहणाऱ्या नोंदी वीस दिवसांतच जाऊ लागल्या. मी शिकवल्याप्रमाणे पुसत होतो आणि यादीत लिहीत होतो. विचारलं कोणी नाही. मी आपण होऊन बोलणार कसा?

एके दिवशी अधीक्षिकाबाई तळघरात उतरल्या. सोबत लॅबमधल्या ताई होत्या. एका रुग्णाच्या रक्ताचा तातडीचा अहवाल वॉर्डला मिळाला नव्हता. उपचार उशिरा सुरू झाले, रुग्ण कसाबसा वाचला. वॉर्ड म्हणे आलाच नाही, ताई म्हणत पाठवला. लॅबचा संगणक मधल्या काळात बदललेला. राहता राहिलो मी.

"दुपारी तीनच्या सुमाराला पाठवला मी," ताई म्हणाल्या. "चांगलं आठवतंय मला."

इंजिनीअरनं आपला लॅपटॉप मला जोडला आणि तो दिवस शोधला. 'एकही नोंद सापडली नाही,' असं मी दाखवलं. मला तेवढंच वाक्य शिकवलेलं होतं. त्या दुपारची फाइल मी तीनच दिवसांपूर्वी पुसली होती.

"नोंदी तीस दिवस राहतात," तो म्हणाला. "आज बाविसावा दिवस. गेला असता तर दिसलाच असता."

झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. सव्वीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या त्या बाईला चादरींच्या भांडारात मोजणीला बसवलं. जाताना त्या माझ्याकडे बघत होत्या. मित्रांनो, लाखो फाइली पुसल्या मी, एकीचंही दुःख केलं नाही. त्या एकीचं मात्र आजही होतं.

दीड वर्ष गेलं. माझी जागा घ्यायला नवा संगणक आला. माझा क्रमांक वहीतून काढायचा म्हणून इंजिनीअरनं नखानं ते स्टिकर खरवडलं. खालची ओळ दिसली. ती त्यानं दोनदा वाचली. मग खाली फरशीवरच बसून त्यानं माझी यादी उघडली आणि ती तारीख शोधली.

तासाभरानं तो ताईंना घेऊन आला. हातात यादीतला तेवढा कागद होता.

"ताई, अहवाल गेला नाही, असं मी ठामपणे सांगितलं. पण ते मला माहीत नव्हतं. मला फक्त सापडला नव्हता. चूक माझी आहे, मी अधीक्षिकाबाईंना लिहून दिलंय."

ताईंनी कागद वाचला, घडी घातली, परत उघडला.

"घरचं कोणी काही बोललं नाही रे," त्या म्हणाल्या. "पण शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं होतं, पाठवायचं राहिलंच असेल आपल्याकडून."

तो मान खाली घालून उभा राहिला. मला तर मानही नाही.

ताई पुढच्या सोमवारी लॅबमध्ये परत गेल्या. अहवाल पोचला होता का, हे आता कोणालाच कधी कळणार नाही. ते मी पुसलंय.

उद्या मला नेतील. जुनं झालं की जायचंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्हीही खुशाल जुन्या गोष्टी पुसा, मित्रांनो, जागा तर हवीच. पण सापडलं नाही म्हणून घडलंच नाही, असं कोणाच्या तोंडावर म्हणू नका. कारण समोरचा माणूस त्यावर विश्वास ठेवून बसतो.

काल इंजिनीअरनं नव्या संगणकात काकांचे दोन्ही नियम घातले, माझी यादीही त्यात उतरवली. मग माझं ते जुनं वाक्य खोडून तिथे नवं लिहिलं. तपासून पाहायला त्यानं ताईंचीच तारीख विचारली, आणि नव्यानं पहिल्याच झटक्यात उत्तर दिलं, 'त्या दिवसाची फाइल पुसलेली आहे. काय घडलं ते मला माहीत नाही.'

एवढंच मला तेव्हा बोलता यायला हवं होतं.