केशरी जास्वंद

छत्रीच्या मुठीने फांदी अलीकडे ओढून जीवरामनानांनी फूल तोडलं आणि घाईने पिशवीत टाकलं. भुसावळ स्टेशनवर जन्मभर विनातिकीट प्रवाशांना पकडत आलेला हा माणूस निवृत्तीनंतर रोज सकाळी शेजारच्या भिंतीवरून फुलं चोरत असे. मागायची त्याला लाज वाटे, तोडायची वाटत नसे.

भिंतीपलीकडे शाळेत शिकवणाऱ्या सविता राहत. घर बौद्धांचं. त्यांच्याकडे गणपती बसत नाही, मग एवढ्या फुलांचं त्यांना करायचंय काय, असं नानांच्या पत्नीचं, बेबाबाईंचं म्हणणं. शिवाय चोरून वाहिलेल्या फुलाचं पुण्य झाडाच्या मालकालाच लागतं, म्हणजे शेजाऱ्यांचं भलंच होतं, असंही त्या वर सांगत.

चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरलं होतं. आरती सुरू होणार तोच सविता ताटभर जास्वंद घेऊन दारात आल्या. गणपतीसाठी आणली, म्हणाल्या. फैजपूरहून आलेली नणंद बघतच होती. बेबाबाई घुटमळल्या.

"राहू द्या बाई. आमची फुलं झालीत."

ताटाला त्यांनी हात लावला नाही. सवितांची नजर आत मखराकडे गेली. गणपतीच्या मस्तकावर, पायांशी, सगळीकडे तीच भरगच्च पाकळ्यांची केशरी जास्वंद होती, आणि अख्ख्या कॉलनीत ती एकाच घरी फुलत होती. नाना निरांजन घेऊन उभे होते. त्यांनी एक शब्द काढला असता तरी पुरे होतं. ते वात सारखी करत राहिले. सविता ताट घेऊन परत गेल्या.

नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आरतीत त्यांचे नुसते ओठ हलत होते.

दुसऱ्या दिवशी ते भिंतीकडे फिरकलेच नाहीत. सरळ फाटकातून जाऊन त्यांनी कडी वाजवली. सवितांनी ओले हात पदराला पुसत दार उघडलं.

"सविताताई, फुलं मागायला आलो. आजपासून विचारूनच नेईन."

आणखीही बरंच बोलायचं त्यांनी ठरवलं होतं, पण त्यांनी नुसती पिशवी पुढे केली.  सवितांच्या आवाजात राग नव्हता.

"मागू नका, नाना. मागितलीत तर मला हाताने द्यावी लागतील, आणि माझ्या हातची तुमच्या घरात चालत नाहीत. तुम्ही आपली तोडूनच नेत जा."