कमळच्या अंगठ्याचं नख

"आई, उद्यापासून तू घरी बस," सून कल्पिता भर बाजारात म्हणाली आणि कमळच्या हातातली कोळंबी हातातच राहिली.

"का गं? मेले का मी?"

"नख बघ तुझं. गिऱ्हाईक त्याच्याकडे बघतं नि पुढे जातं."

खोटं नव्हतं. उजव्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड झालं होतं, टोकाकडून सुटलं होतं. कमळनं वर लाल नेलपॉलिश थापलं, तर जास्तच भडक दिसायला लागलं. पण वर्सोव्याच्या बाजारातल्या याच जागेवर बसून विधवा कमळनं पोरगा वाढवला होता. घरी बस म्हणे! तिच्या डोक्यात सणकच गेली.

ती तडक दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी आधी रंग पुसला, नखाचा तुकडा तपासायला पाठवला. निकाल आला, बुरशी.

"नखाखालची घाण कशानं काढता?"

"कोळंबीच्या डोक्यावरच्या काट्यानं. आम्ही सगळ्याच काढतो."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो मावशी, काट्यानं कोरून नख सुटलं, दिवसभर हात ओला, मग बुरशी बसणारच! कोरणं बंद. आत सुती हातमोजे, वर रबरी. औषध चुकवू नका. नख सावकाश येतं."

नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती. हातमोजे बघून शेजारची द्रौपदी ओरडली, "ऑपरेशनवाली आली गं!" अख्खा बाजार खिदळला.

"हसा गं हसा, दात किडतील!" कमळ म्हणाली. मोज्यांत कोळंबी निसटायची, हात मंद चालायचा, रडू यायचं. पण बाई जागेवरून हलली नाही.

बुडाशी गुलाबी नख दिसलं तेव्हा तिनं ते कुणालाच दाखवलं नाही. शिमग्यापर्यंत ते टोकाला पोचलं, गुळगुळीत, झकास! कमळनं सगळ्या बाजारासमोर अंगठा नाचवला. द्रौपदीसुद्धा म्हणाली, "जिंकलीस गं बाई!"

कल्पितानं मात्र स्वतःचा अंगठा पदराखाली लपवलेला कमळला दिसला.

"दाखव."

नखाची कड लाल, सुजलेली.

"मला पण घरी बसवशील?" कल्पिताचे डोळे भरले.

"येडी काय तू?" कमळनं तिचा हात पदरानं कोरडा पुसला, कोरे मोजे चढवले. "दुपारी दवाखान्यात जाऊ. तोवर इथंच बस माझ्या बाजूला."

आणि सुनेला जागा करून देत तिनं खणखणीत हाक दिली, "या ओ ताई, ताजी कोळंबी!"