पाहुण्यांसाठी राखीव हेल्मेट

मित्रांनो, मी एक जुने हेल्मेट आहे. बांधकामावर घालतात ना, तसले. आता माझ्याकडे बघून तुम्हाला पटणार नाही, पण माझा मूळ रंग पांढराशुभ्र होता.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कढत, पातळ प्लास्टिक लोखंडी साच्यात शिरले आणि बाहेर आले ते मी. आत पट्ट्यांची जाळी बसवली, हनुवटीखाली बांधायला पट्टा लावला. मग आमच्यातल्या एका भावंडाला यंत्राखाली ठेवून त्याच्या टाळूवर लोखंडाचे वजन आदळले. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. त्याला साधा ओरखडासुद्धा आला नाही. आपला जन्म दुसऱ्याच्या वाटणीचा मार खाण्यासाठी आहे, हे मला त्या दिवशी कळले आणि खरे सांगते, फार अभिमान वाटला.

पण नशीब बघा. मला नेऊन टांगले ते एका विक्री कार्यालयात! शेजारी उंचच उंच इमारत बांधली जात होती आणि तिथली घरे या कार्यालयात विकली जायची. माझ्या कपाळावर सोनेरी अक्षरांत ‘पाहुणे’ असे लिहिले होते. घर बघायला आलेली मंडळी मला डोक्यावर चढवायची, लिफ्टने वर जायची, खिडकीतून दिसणारा देखावा बघून वा वा करायची, माझ्यासकट फोटो काढायची आणि खाली आली की मला पुन्हा खुंटीवर अडकवायची. मग मला सुगंधी फडक्याने पुसून ठेवत. लाडाने मी पार डोक्यावर बसले होते. तशी माझी जागाच ती म्हणा.

वर गेले की एक गोष्ट मात्र मला खटकायची. बघायला येणाऱ्यांच्या डोक्यावर हेल्मेट आणि दिवसभर राबणाऱ्यांच्या डोक्यावर टॉवेल, नाहीतर तेही नाही. आधी वाटले, उकडत असेल म्हणून घालत नसतील. मग हळूहळू उलगडा झाला. इमारतीच्या मालकाने काम ठेकेदाराला दिले होते. ठेकेदाराने त्यातले फरशीचे काम पोटठेकेदाराच्या गळ्यात घातले. पोटठेकेदाराने एक मुकादम गाठला आणि मुकादमाने माणसे आणली. हेल्मेट कोणी द्यायचे, असे विचारले की प्रत्येक जण खालच्याकडे बोट दाखवायचा. मुकादमाच्या खाली फक्त ती माणसेच उरत होती. तो त्यांना सांगायचा, तुमचे तुम्ही आणा.

फरशी बसवणाऱ्यांत एक नवरा-बायको होते. तो फरशी कापायचा, ती बसवायची. दोघांची दिवसभर वादावादी चाले, पण फरशी अशी बसे की दोन तुकड्यांमधून नखसुद्धा जाऊ नये. एका दुपारी तो बाल्कनीच्या कडेला वाकला होता आणि वरच्या मजल्यावरून विटेचा तुकडा थेट त्याच्या डोक्यावर आला. बायकोने टॉवेल गच्च बांधला आणि मदतीसाठी धावत आमच्या कार्यालयात आली. तिला ठेकेदाराकडे पाठवले. ठेकेदाराने पोटठेकेदाराकडे पाठवले. पोटठेकेदाराचा फोन लागेना. शेवटी फाटकावरच्या वॉचमनने रस्त्यावरचा एक टेम्पो अडवला, म्हणून तो वेळेत दवाखान्यात पोचला.

तो वाचला, पण उभा राहिला की त्याला घेरी यायची. उपचार तुमचे तुम्ही बघा, असे सांगून मुकादमाने हात झटकले. काहीच दिवसांत बायको त्याच मजल्यावर कामाला आली. तिच्या डोक्यावर अजूनही काहीच नव्हते. मी मात्र थंडगार खोलीत चकचकीत होऊन लटकत होते. मित्रांनो, त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली.

त्यानंतरच्या रविवारी त्या मजल्यावर घर घेतलेली मंडळी काम बघायला आली. मी गेले एका काकूंच्या डोक्यावर. काकू शिवणकाम करायच्या. आयुष्यभर शिलाई मशीन चालवून त्यांनी हे घर घेतले होते आणि येताना पर्समध्ये टेप घेऊन यायच्या. ओटा मापायच्या, दारे मापायच्या. कार्यालयातला विक्री बघणारा टायवाला त्यांना मनातून टरकून असायचा. तर काकू आपल्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि पाहतात तर त्या फरशीवाल्याची बायको जमिनीवर बसून फरशी लावत होती.

“अगं, वर विटांचं काम चाललंय आणि तुझ्या डोक्यावर काहीच नाही?” काकूंनी विचारले.

“माझ्या नवऱ्याच्या डोक्यावरही नव्हतं,” ती म्हणाली आणि हातातले काम न थांबवता तिने बाकीचे सांगितले.

टायवाला मध्ये पडला. “मॅडम, हे आमचे कामगार नाहीत. पोटठेकेदाराचे आहेत. आमचा तसा संबंध येत नाही.”

“बरं. उद्या ही फरशी उखडली तर मी कुणाकडे यायचं?”

“आमच्याकडेच. आमची पूर्ण हमी असते.”

“म्हणजे हिनं लावलेली फरशी तुमची आणि ही तेवढी परकी?”

टायवाला उगाच टाय सारखा करत राहिला. काकूंनी मला उतरवले, तिच्या डोक्यावर ठेवले आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर ब्लाउज बसवून बघावा तसा पट्टा नीट बसवून दिला. काकूंचे होणारे शेजारी बघत होते. एका आजोबांनी आपले हेल्मेट फरशी उचलणाऱ्याला दिले. मग एका तरुण जोडप्याने दिले. बघता बघता आम्ही सगळी हेल्मेटे कामाला लागलो. काकूंनी टायवाल्याला बजावले, ही आता परत मागायची नाहीत, मागायची तर मालकांनी येऊन मागावीत.

दुसऱ्या दिवशी गंमत झाली. खुंट्या रिकाम्या आणि हेल्मेटशिवाय कुणालाही वर सोडायचे नाही, असा फाटकावर नियम. घर बघायला आलेली माणसे खालूनच परत जाऊ लागली. टायवाल्याने घाबरून मालकांना फोन केला. मालक तावातावाने आले आणि तडक लिफ्टकडे निघाले. काकूही शेजाऱ्यांना घेऊन हजर होत्या. मी त्या बाईच्या डोक्यावर होते आणि ती फरशांची गाडी घेऊन लिफ्टपाशीच उभी होती, त्यामुळे पुढचे सगळे मी जवळून पाहिले.

वॉचमन अदबीने आडवा आला. “साहेब, हेल्मेट नसेल तर वर सोडायचं नाही, अशी तुमचीच ऑर्डर आहे.”

“मग हे एवढे लोक रोज कसे जातात?”

“ते आपले कुठे, साहेब? ठेकेदाराचे ना. त्यांच्यासाठी ऑर्डर नाही.”

त्याने हे अगदी साधेपणाने सांगितले. रोज ऐकत होता तेच बोलला. मालक मात्र जागीच थांबले. तेवढ्यात त्या बाईने मला काढून त्यांच्यापुढे धरले. काम जाईल या भीतीने ती रात्रभर झोपली नव्हती.

“हे घ्या, साहेब,” ती म्हणाली. “पण पुढच्या वेळी कुणाला लागलं तर हाक कुणाला मारायची, तेवढं सांगून ठेवा.”

मालकांनी काकूंकडे पाहिले, वॉचमनकडे पाहिले. सगळे उत्तराची वाट बघत होते.

“मला,” ते म्हणाले.

तोंडी बोलण्यावर काकूंचा विश्वास नव्हता. कपड्याचे माप त्या लिहूनच घ्यायच्या, तसा हा शब्दही त्यांनी लिहून घेतला. फाटकाच्या आत पाऊल टाकणारा माणूस कुठल्याही ठेकेदाराचा असो, त्याला हेल्मेट मिळेल, त्याला लागले तर उपचार होतील आणि ठेकेदाराने हे केले नाही तर मालकाला करावे लागेल, असे ठरले. एक-दोन ठेकेदारांनी कुरकुर केली, एक तर काम सोडून गेला. मालकही मधूनमधून विसरायचे. पण काकू टेप घेऊन आल्या की त्यांना बरोबर आठवायचे. त्या बाईच्या नवऱ्याचे उपचार नीट झाले आणि घेरी थांबली.

मी पुन्हा कधी खुंटीवर गेले नाही. तिच्या घामाने आणि सिमेंटने सोनेरी अक्षरे केव्हाच पुसली गेली. मग एक दिवस वरून वीट आली आणि माझ्या कपाळावर बसली. मला उभा तडा गेला. तिला साधे खरचटलेसुद्धा नाही. त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो सगळ्या फोटोंचा मिळूनही कधी झाला नव्हता. आता मी भंगाराच्या पेटीत असते आणि अगदी मजेत असते.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी ‘आम्हाला जपा’ म्हणून गळ घालतात. मी नाही घालणार. तडा गेलेले हेल्मेट कुणाच्या डोक्यावर ठेवू नका, खुशाल फेकून द्या. जपायचे ते त्याच्या खालच्या माणसाला. उद्या तुमच्यापैकी कुणी घरे बांधेल, कुणी विकत घेईल. काम चार जणांच्या हातून करून घेतले तरी ते करणाऱ्या माणसांची जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही, एवढे लक्षात ठेवा. आणि कुणी घालत असेल, तर विचारायला लाजू नका.

परवा ती दोघे माझ्या पेटीजवळून गेली. दोघांच्या डोक्यावर नवी कोरी हेल्मेटे होती आणि कुठलीशी फरशी तिरकी कापली म्हणून दोघे कडाकडा भांडत होती.